कचऱ्यात गॅस किती आहे हे आधी कसं तपासायचं? बाटलीतली चाचणी फसली, मदत हवी

निळीज्योत

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा.

आमच्याकडे १००० लिटरचा एक छोटा डायजेस्टर (बायोगॅसची बंद टाकी) आहे, शेणावर चालतो, रोज ३० लिटर घालतो. आता शेणाच्या जोडीला आणखी काहीतरी घालायचंय. तीन गोष्टी सहज मिळतात: फळांच्या साली आणि चोथा, कापून वाळलेलं गवत, आणि ग्रीस ट्रॅप (सांडपाण्यातलं तेल-तूप अडवणारी कुंडी) साफ करताना निघणारी चरबी. थेट टाकीत ओतून टाकी बिघडवण्यापेक्षा आधी बाटलीत बघू म्हटलं. दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटल्या घेतल्या, प्रत्येकीत एक लिटर स्लरी डायजेस्टरमधूनच काढून, त्यात प्रत्येकी २०० ग्रॅम माल, तोंडाला फुगा, आणि बाटल्या खोलीतच ठेवल्या.

सालींच्या बाटलीचा फुगा दोन दिवसांत टम्म झाला, चौथ्या दिवशी थांबला तो थांबलाच, नंतर फुगा मऊ पडला आणि बाटलीला आंबूस वास. गवताचा फुगा हळूहळू थोडासा भरला. चरबीत दहा दिवस काहीच नाही, वर पांढरा थर. बाराव्या दिवशी सगळं ओतून टाकलं.

यावरून मी असं धरलंय की गवत चांगलं, साली दोन दिवसांचा खेळ, चरबी बाद. पण मन मानत नाहीये कारण चरबीत भरपूर गॅस असतो असं सगळीकडे वाचलंय. कुठे चुकलं?

गाळमास्तर

ताई, धरलेलं सगळं सोडून द्या. तुमच्या चाचणीने माल तपासला नाही, माल किती घातला की जिवाणू गुदमरतात ते तपासलं.

सालींचं सांगतो. पहिल्या दोन दिवसांत जो फुगा फुगला त्यात मिथेन, म्हणजे जळणारा कामाचा गॅस, फार नसणार, बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन. साखर फोडून आम्ल बनवणारे जिवाणू झपाट्याने वाढतात, त्या आम्लाचा मिथेन करणारे मात्र सावकाश. आम्ल साठत गेलं, पीएच उतरला, आणि साडेसहाच्या खाली गेला की मिथेनवाले काम टाकायला लागतात. आंबूस वास त्याचाच. म्हणजे गॅस सालीत होता, तो निघायच्या आधीच तुम्ही (नकळत) कारखाना बंद पाडलात.

चरबीचंही तसंच. एक लिटर स्लरीला २०० ग्रॅम चरबी म्हणजे लांब साखळीची फॅटी अ‍ॅसिडं जिवाणूंना अक्षरशः लेप देऊन बसतात. अशा बाटलीत दहा दिवस काही न होणं हेच अपेक्षित.

पहिलटकर

मग किती घालायचं? मला वाटायचं जास्त घातलं की आकडा मोठा येईल आणि मोजायला सोपं जाईल.

राख५५०

मी लॅबमध्ये हेच काम करते, रोज. पहिलटकर, हिशोब ओल्या वजनावर करायचाच नाही. मालातलं पाणी गॅस देत नाही आणि राखही देत नाही. आधी नमुना १०५ अंशाला वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचा, उरतो तो एकूण घन भाग. मग तो ५५० अंशाला जाळायचा, जे जळून गेलं ते व्होलाटाइल सॉलिड्स, आम्ही नुसतं व्हीएस म्हणतो. गॅस येणार तो याच भागातून. सगळे आकडे मिलिलिटर मिथेन दर ग्रॅम व्हीएस असे सांगितले जातात त्याचं कारण हे.

आता प्रमाण. विरजण म्हणजे बाटलीत जिवाणूंसाठी घातलेली स्लरी. विरजणातलं व्हीएस हे मालातल्या व्हीएसच्या किमान दुप्पट, साधारण दोन ते चार पट हवं. पटकन आंबणारा माल असेल, म्हणजे साली, चोथा, तर चार पटीकडे झुका. गवतासारखा सावकाश माल असेल तर कमी चालतं. निळीज्योत ताईंच्या बाटलीत काय झालं बघा: सालीत साधारण १५ टक्के घन आणि त्यातलं ९० टक्के व्हीएस धरलं तर २०० ग्रॅम सालीत २७ ग्रॅम व्हीएस. जुन्या पातळ स्लरीत साधारण २ टक्के व्हीएस असेल तर एका लिटरमध्ये २० ग्रॅम. म्हणजे खाणारे कमी आणि ताट मोठं. चरबीच्या बाटलीचा हिशोब तर काढायलाच नको.

एक सावधगिरी. मुरलेला, आंबट माल असेल तर १०५ अंशाला वाळवताना त्यातली उडून जाणारी आम्लं पण उडतात, व्हीएस कमी दिसतं, मग भागाकारात गॅसचा आकडा फुगतो. असा माल लॅबला देताना तसं सांगा. आणि पातळ सांडपाणी असेल तर व्हीएसपेक्षा सीओडीवर (त्यातला सेंद्रिय भाग रसायनाने मोडायला किती ऑक्सिजन लागतो त्यावर) हिशोब बरा पडतो, १ ग्रॅम सीओडी पूर्ण मोडला तर ० अंशाला आणि १ वातावरण दाबाला ३५० मिलि मिथेन, त्याच्या वर जाऊच शकत नाही.

निळीज्योत

बापरे, म्हणजे प्रमाणच उलटं होतं. मनापासून आभार दोघांचे. मला हे परत नीट करायचंय, घाई नाही, दोन महिने लागले तरी चालतील. विरजण म्हणून आमच्याच डायजेस्टरची स्लरी चालेल का? आणि फुग्याऐवजी काय वापरू?

राख५५०

चालेल, पण तीन गोष्टी. चालू असलेल्या, निरोगी टाकीचीच घ्या. काड्या-दोरे गाळून टाका. आणि लगेच वापरू नका, ३५ अंशाला दोन ते पाच दिवस उपाशी ठेवा, म्हणजे तिच्यात शिल्लक राहिलेल्या शेणाचा गॅस निघून जातो. विरजणाचा स्वतःचा गॅस जास्त असला तर मालाचा गॅस त्यात हरवतो, एकूण गॅसच्या पाचव्या हिश्श्याच्या आत तो असावा.

आणि आता जे लिहितेय ते कृपया वगळू नका. नुसत्या विरजणाच्या तीन बाटल्या वेगळ्या ठेवा. त्यात माल घालायचा नाही, बाकी सगळं सारखं. तो ब्लँक. तो वजा केल्याशिवाय कुठल्याही बाटलीच्या आकड्याला अर्थ नाही, माझ्याकडे लोक दर महिन्याला असे आकडे घेऊन येतात आणि मला त्यांना परत पाठवावं लागतं, त्यांचे दीड-दोन महिने वाया गेलेले असतात, वाईट वाटतं.

दुसऱ्या तीन बाटल्यांत शुद्ध सेल्युलोज पावडर. सेल्युलोजमधून किती मिथेन निघू शकतं हे रसायनशास्त्राने ठरलेलं आहे, १ ग्रॅमला ४१५ मिलि. तुमच्या बाटलीत ३५० च्या आसपास किंवा वर आलं तर विरजण जिवंत आहे, बाटल्या गळत नाहीत, हिशोब बरोबर आहे. २५० आलं तर कुठेतरी गडबड आहे आणि बाकीच्या बाटल्यांवर विश्वास ठेवायचा नाही. ४५० आलं तरी गडबडच.

मग प्रत्येक मालाच्या तीन-तीन. तुमच्या एकूण १५ बाटल्या होतील.

फुगा नको. रबरातून गॅस झिरपतो, आणि फुग्याच्या आत दाब असतो तो मोजला जात नाही. ५०० मिलिच्या काचेच्या बाटल्या, जाड रबरी बूच, त्यातून नळी, नळी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून नेऊन पुढे पाण्याने भरलेल्या उलट्या मोजपात्रात. सोडा कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, पात्रात जमतं ते मिथेन. सोड्यात थायमॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकून ठेवा, निळा रंग उडाला की सोडा संपला असं समजायचं. हातमोजे आणि चष्मा घालून, आणि सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही.

गाळमास्तर

सुरक्षेचं मी पुढे जोडतो. बाटली पूर्ण बंद करून विसरू नका, काच फुटते. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असलं की ते पेट घेतं, तेव्हा खोलीची खिडकी उघडी हवी. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यासारखा वास थोड्या प्रमाणात येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास गेला म्हणजे धोका गेला असं कधी समजू नका. बाटल्यांना एवढा धोका नाही, टाकीचं झाकण उघडताना मात्र हे कायम लक्षात असू द्या.

आकडेमोड

मोजलेल्या मिलिलिटरचं पुढे काय करायचं ते कोणी लिहिलं नाहीये म्हणून लिहितो, कारण इथे १० ते १५ टक्क्यांची चूक सहज होते.

गॅस तापला की पसरतो, आणि पाण्यावर जमवलेल्या गॅसमध्ये वाफ असते. सगळे आकडे ० अंश, १ वातावरण दाब, कोरडा गॅस असे आणायचे असतात. पात्र २५ अंशाच्या खोलीत आहे असं धरा. २७३ भागिले २९८ म्हणजे ०.९१६. त्या तापमानाला पाण्याच्या वाफेचा दाब ३.२ किलोपास्कल, हवेचा १०१.३, म्हणजे कोरडा भाग ०.९६९. गुणाकार ०.८९. पात्रात १०० मिलि दिसले तर लिहायचे ८९. गॅस ३५ अंशालाच मोजला तर हाच गुणक ०.८४ येतो. म्हणून कोणी आकडा सांगितला की माझा पहिला प्रश्न, कुठल्या तापमानाला? रोज खोलीचं तापमान वहीत लिहा.

शेवटी (मालाची बाटली वजा ब्लँक) भागिले मालाचं व्हीएस. ब्लँकच्या बाटलीत विरजण तेवढंच असेल तर सरळ वजाबाकी, नसेल तर प्रमाणात.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. भाबडा प्रश्न असेल, पण मालाचं रासायनिक विश्लेषण करून कागदावरच हा आकडा काढता येत नाही का? दोन महिने बाटल्या सांभाळायच्या कशाला?

आकडेमोड

भाबडा नाही, चांगला प्रश्न आहे. काढता येतो, बसवेलचं समीकरण म्हणतात त्याला. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन किती ते कळलं की कमाल मिथेन निघतं. चरबीला ग्रॅमला साधारण १००० मिलि, प्रथिनांना ५००, पिष्ट आणि सेल्युलोजला ४१५. पण समीकरणाला कार्बन कशात अडकलाय ते दिसत नाही. लाकडाच्या भुशाचं विश्लेषण करा, कागदावर आकडा झकास येईल, बाटलीत जवळजवळ काही नाही, कारण लिग्निन हवेशिवाय मोडत नाही आणि सेल्युलोजला पण त्याने वेढून ठेवलेलं असतं. वर्तमानपत्राचा कागद आणि ऑफिसचा पांढरा कागद दोन्ही झाडाचेच, तरी वर्तमानपत्र कितीतरी कमी गॅस देतं, कारण त्याच्या लगद्यातलं लिग्निन काढलेलं नसतं. कागदावरचा हिशोब छत सांगतो, बाटली सांगते त्या छतापर्यंत तुमचा माल किती पोचतो आणि किती दिवसांत.

राख५५०

+१. आणि नमुना! हे मी आधीच लिहायला हवं होतं. बाटलीत जाणार १५ ग्रॅम, आणि त्यावरून बोलणार टनाबद्दल. ढिगाच्या वरच्या मूठभर सालींना पूर्ण ढीग कसा असेल हे माहीत नसतं. आठ-दहा ठिकाणून काढा, एकत्र करा, पसरवून चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, परत मिसळा, परत चार भाग, असं करत दोन किलोवर या आणि मग बारीक करा. ज्या दिवशी काढला त्या दिवशी बाटल्या लावणार नसाल तर लगेच फ्रीझरमध्ये. माझ्या अनुभवात तीन बाटल्यांचे आकडे एकमेकांपासून लांब गेले की दहातल्या सात वेळा दोष नमुन्याचा असतो, बाटलीचा नसतो.

थांबायचं कधी तेही सांगते: सलग तीन दिवस रोजचं मिथेन हे तोपर्यंतच्या एकूण मिथेनच्या १ टक्क्यापेक्षा कमी आलं की. कॅलेंडर बघून थांबू नका. रोज एकदा बाटली हलवा, आणि बाटल्या ३५ ते ३७ अंशाच्या पाण्यात ठेवा. बाटलीत वरची मोकळी जागा कमी ठेवा, हवा बाहेर काढायला नायट्रोजनचं सिलिंडर नसेल तर विशेष करून.

निळीज्योत

सगळं वहीत उतरवून घेतलंय. एका ओळखीच्या प्रयोगशाळेत व्हीएस करून मिळतंय. थर्मोस्टॅटचा हीटर घालून मोठ्या टबमध्ये बाटल्या मावतात. सोमवारी विरजण उपाशी ठेवते. इथेच येऊन सांगेन.

पहिलटकर

वाट बघतोय ताई, शुभेच्छा.

निळीज्योत

आज ४४ वा दिवस. उशीर झाला पण एकही दिवस मोजणी चुकवली नाही, आजारी होते तेव्हा भावाने मोजलं.

प्रत्येक बाटलीत ३०० मिलि विरजण, म्हणजे ६ ग्रॅम व्हीएस. सालींचं व्हीएस ओल्या वजनाच्या १३.५ टक्के निघालं, २ ग्रॅम व्हीएससाठी १४.८ ग्रॅम साली. गवताचं ७९ टक्के, ते २.५ ग्रॅम व्हीएस एवढं घातलं. चरबी १ ग्रॅम व्हीएस एवढीच घातली, गाळमास्तरांचा लेप डोळ्यासमोर होता. खालचे सगळे आकडे दुरुस्त करून, ०.८९ वगैरे लावूनच.

ब्लँक सरासरी १९० मिलि. सेल्युलोज २ ग्रॅमला ९३०, म्हणजे ग्रॅमला ३७०. हा आकडा आला त्या दिवशी मी खरंच ओरडले, कारण पहिल्यांदा वाटलं की आपल्या बाटल्या खरं बोलतायत.

साली: ३९२, ४०१, ४२२. सरासरी ४०५ मिलि ग्रॅमला. बाराव्या दिवसापर्यंत नव्वद टक्के येऊन गेलं होतं. ज्या मालाला मी बाद केलं होतं तोच.

गवत: २३१, २४४, २७५, सरासरी २५०. पंधराव्या दिवशी निम्म्याच्या थोडं पुढे होतं, नंतर रेंगाळत आज थांबलं. तिसऱ्या बाटलीत बहुतेक पानं जास्त आणि काड्या कमी गेल्या, नमुना मी अजून बारीक करायला हवा होता.

चरबी: पहिले १२ दिवस ब्लँकपेक्षा जास्त काहीच नाही. मी रोज बघत होते आणि रोज वाटत होतं की परत चुकलं. तेराव्या दिवशी सुरू झालं आणि मग थांबेचना. आजपर्यंत ७४०.

आता खरा गोंधळ. टनाचा हिशोब केला तर सालींचं १३५ किलो व्हीएस गुणिले ०.४०५ म्हणजे ५५ घनमीटर, आणि गवताचं ७९० गुणिले ०.२५ म्हणजे जवळपास २०० घनमीटर. म्हणजे परत गवतच जिंकलं का?

आकडेमोड

फार सुंदर काम केलंय, सेल्युलोजचा आकडा बघून मलाही आनंद झाला.

टनामागे गवत पुढे दिसतं कारण साली म्हणजे मुख्यतः पाणी. पाणी लांबून आणायचं असेल तर ते महाग पडतं, जवळ असेल तर तेवढं मनावर घेऊ नका, स्लरी पातळ करायला पाणी लागतंच. पण तुमच्या टाकीत माल किती दिवस राहतो? १००० भागिले ३० म्हणजे ३३ दिवस, आणि तेही सरासरी, ढवळलेल्या टाकीत आज घातलेल्यातलं थोडं उद्याच बाहेर पडतं. तुमच्या वहीतल्या वक्रावरून सालींचा वेग, म्हणजे उरलेल्यातला किती हिस्सा रोज मोडतो तो, दिवसाला ०.१९ च्या आसपास बसतो, गवताचा ०.०४. टाकीत किती हिस्सा मिळेल ते असं काढायचं: वेग गुणिले दिवस, भागिले (एक अधिक तेच). सालींचं ६.३ भागिले ७.३ म्हणजे ८६ टक्के, ग्रॅमला साधारण ३५० मिलि टाकीतही मिळतील. गवताचा वक्र पुढे ओढला तर शेवट ३०० च्या आसपास, त्यातले ५७ टक्के, म्हणजे १७०. ग्रॅमला दुपटीचा फरक आहे. गवत बारीक कापून घातलंत तर वेग थोडा वाढेल.

गाळमास्तर

मी प्लांटवर बसून सांगतो. बाटलीतला आकडा हा त्या मालाची ताकद आहे, रोज तेवढं मिळेल असं वचन नाही. बाटलीत माल एकदाच पडतो आणि भोवती कितीतरी पट विरजण असतं. टाकीत तो रोज पडतो, आणि जे साठत जातं ते बाटली दाखवत नाही: अमोनिया, मीठ, चरबीची आम्लं, किंवा निकेल-कोबाल्टसारख्या सूक्ष्म द्रव्यांची कमतरता. बऱ्याच वर्षांपूर्वी लॅबचा चरबीचा आकडा बघून मी उत्साहात दोन दिवसांत टँकर रिकामा केला होता. फेस वरच्या पाइपातून बाहेर आला आणि टाकी पूर्ववत व्हायला तीन आठवडे गेले. आकडा बरोबर होता, घालण्याचा वेग चुकला होता.

तुमचे १२ दिवस शांततेचे होते ना, तोच तुम्हाला चरबीने दिलेला निरोप. सालींपासून सुरू करा, रोजच्या शेणातल्या व्हीएसच्या दहाव्या हिश्श्याइतकं, दोन आठवडे तेवढंच, पीएच आणि जमलं तर आम्ल-क्षार गुणोत्तर बघत. मग वाढवा. चरबी सगळ्यात शेवटी, चमच्याने, आणि शेण कधीच बंद करू नका, तो तुमचा बफर आहे, आम्ल वाढलं तरी पीएच सावरून धरतो.

वाचनमात्र

शेणाची चाचणी करून बघितली का कोणी? त्यात गॅस जास्त असणार ना?

राख५५०

उलट. जनावराच्या पोटात एकदा पचून झालेलं असतं, सोपं सगळं गेलेलं, राहिलेलं तंतुमय. व्हीएसच्या ग्रॅमला साधारण २०० मिलि किंवा त्याच्या खालीच येतं. शेणाची किंमत गॅसमध्ये कमी आणि जिवाणू, क्षारता, सूक्ष्म द्रव्यं यांच्यात जास्त. मास्तर म्हणतात ते त्यासाठीच.

निळीज्योत, तुमच्या चरबीच्या बाटल्या बंद केल्यात का? ७४० म्हणजे अजून वर जायला जागा आहे.

निळीज्योत

नाही केल्या. आज सकाळी पण ११ मिलि आले, १ टक्क्याच्या वरच आहे अजून. साली आणि गवताच्या बाटल्या धुऊन ठेवल्या. चरबीच्या तिन्ही आणि ब्लँकच्या तिन्ही टबमध्येच आहेत, सोडा काल बदलला.